श्रीलंका टूर: जेम शॉपला दोन तास, पेरलियाला वीस मिनिटं

पाचपैकी तीन तारे. कंपनी नागपूरचीच आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. हे सगळं त्यांना आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, त्यावर 'नोटेड सर' एवढं उत्तर आलं. म्हटलं, चारचौघांत लिहून टाकू, पुढं जाणाऱ्यांच्या तरी कामी येईल.

मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. नागपूर डिव्हिजनला सेक्शन कंट्रोलर होतो. म्हणजे बंद खोलीत कानाला फोन लावून, समोरच्या ग्राफवर गाड्यांच्या रेघा ओढत, कोणती पुढं काढायची आणि कोणती बाजूच्या लूप लाईनला घालायची हे ठरवायचं. आधीच सांगून ठेवतो, कारण खाली मी पेरलियाला २००४ च्या त्सुनामीत सापडलेल्या एका गाडीबद्दल बरंच लिहिणार आहे, आणि टूरच्या रिव्ह्यूत हे काय मधेच, असं कोणी म्हणू नये.

टूरचा रस्ता नेहमीचाच. नागपूर, चेन्नई, कोलंबो. मग अनुराधापूर, कँडी, नुवारा एलिया, खाली बेंटोटा, गॉल आणि परत कोलंबो. ग्रुपमधली निम्म्याहून जास्त मंडळी नागपूरच्या इंदोरा, जरीपटका आणि कामठीकडची, बहुतेक बौद्ध. त्यांचं आणि आमच्या घरच्या मॅडमचं खरं लक्ष अनुराधापूरच्या बोधिवृक्षाकडं आणि कँडीच्या दंतधातू विहाराकडं. ती दोन्ही दर्शनं निवांत झाली, घाई केली नाही, त्याबद्दल कंपनीचे आभार. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी याच कँडीला आले होते, हे मात्र आमच्यातल्या एका ताईंनी बसला सांगितलं. टूर मॅनेजरच्या कागदावर ते नव्हतं. नागपुरातून लोक नेताय ना बाप्पा, एवढं तरी पाठ करून ठेवा.

बस चांगली, एसी चालू, सीटा ऐसपैस. चेन्नईला रात्र विमानतळाच्या लोखंडी खुर्च्यांवर काढली. ब्रोशरमध्ये त्याला 'ट्रान्झिट' म्हटलंय. जेवणाचं थोडक्यात सांगतो. व्हेज म्हणून सांगितलं तरी सांबोलात, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत, सुकी मासळी निघते, वाढण्याआधी विचारा. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, ती रोज मिळाली तरी कंटाळा येत नाही. मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुल माडाचा पाक, हे मागून मागून खा. पोळीची आशा सोडा. एका संध्याकाळी 'महाराष्ट्रीयन डिनर' म्हणून जे वाढलं त्यावर मी काही बोलत नाही, सोबत आणलेला ठेचा त्या रात्री संपला.

टूर मॅनेजर पोट्टा पंचविशीतला. रात्री अकराला कोणाची बीपीची गोळी संपली तर रिक्षा करून फार्मसी शोधणारा. त्याला पैकीच्या पैकी. स्थानिक गाईड म्हणजे एक वयस्क गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणायचे, हिंदी मोडकं पण माहिती पक्की. तक्रार या दोघांबद्दल नाहीच. तक्रार नागपुरात बसून ज्यानं कार्यक्रम आखला त्याच्याबद्दल.

मातलेला मसाल्याची बाग, तिथं गुडघेदुखीचं तेल. कँडीला जेम शॉप. आधी खाणीवरचा सिनेमा, मग चहा, मग शोरूम. बस बाहेर कुलूपबंद आणि ड्रायव्हर म्हणे जेवायला गेला. दोन तास आम्ही नीलम बघत होतो. कमिशन असतं हे कोणाला कळत नाही? त्यांचाही धंदा आहे, असो. पण गॉलच्या दिवसाच्या कागदावर मी ही ओळ वाचली आणि डोकं फिरलं: 'एन रूट त्सुनामी मेमोरियल, फोटो स्टॉप, २० मिनिटे, वेळ मिळाल्यास.'

वेळ मिळाल्यास!

बेंटोट्याहून गॉलकडं निघालं की कोसगोडा, बालपिटिया, अंबलंगोडा लागतं आणि हिक्कडुवाच्या अलीकडं पेरलिया. गॉल रोडच्या उजव्या हाताला समुद्र, डावीकडं थोडं आत रेल्वेची लाईन. बस थांबते ती उंच बुद्धमूर्तीपाशी. पाण्याच्या कुंडात उभी, तोंड समुद्राकडं, एक हात अभयमुद्रेत. अफगाणिस्तानात बामियानला फोडली गेली त्या मूर्तीच्या धर्तीवर घडवलेली, जपानच्या होंगान्जी मंदिराच्या मदतीनं. कामठीच्या मंडळींना जपानी मदतीचं नवल नाही, ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार त्यांच्या घराशेजारी. सगळ्यांनी वंदना म्हटली, फोटो काढले, आणि मॅनेजरनं घड्याळाकडं पाहिलं. इथंच बहुतेक ग्रुप परत फिरतात म्हणे. अंकलनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, कासवांची हॅचरी सोडून देऊ, यांना रुळापर्यंत चालत नेतो. कोणाची हरकत नव्हती. तो निर्णय कंपनीचा नव्हता, अंकलचा होता, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रूळ पाहिले आणि मला घरी आल्यासारखं झालं. आपलीच ब्रॉडगेज, एकच लाईन, दोन्ही बाजूंना माड, परसात वाळत घातलेले कपडे.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता, आदल्या दिवशी नाताळ आणि त्या दिवशी पौर्णिमा. तिकडं दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते. कोणी विहारात, कोणी माहेरी, कोणी नुसतं समुद्रावर. कोलंबो फोर्टहून माताराला जाणारी एक्स्प्रेस, 'क्वीन ऑफ द सी' म्हणायचे तिला, सकाळी ६:५० च्या सुमारास सुटली, खच्चून भरलेली. सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला तो तिथल्या तेव्हाच्या घड्याळानं सातला मिनिटभर कमी असताना. गाडीनं कोलंबोची हद्दही सोडली नसेल आणि तिकडं समुद्राचा तळ हजार किलोमीटरहून जास्त लांब फाटत गेला. हवाईच्या त्सुनामी इशारा केंद्राला पंधराएक मिनिटांत भूकंप झाल्याचं कळलं होतं. पण हिंदी महासागराच्या देशांत सांगायचं कोणाला, त्याची यादीच कोणाकडं नव्हती. लाटेला श्रीलंकेचा पूर्व किनारा गाठायला जवळपास दोन तास लागले. दोन तासांत मी इटारसीपासून आमलापर्यंतच्या गाड्या उभ्या करू शकलो असतो, जर कोणी सांगितलं असतं तर.

पूर्वेकडं पाणी शिरल्याची खबर कोलंबोत मराडानाच्या रेल्वे कंट्रोलला आली. किनाऱ्याच्या लाईनवरच्या आठ गाड्या त्यांनी थांबवल्या. आठ! गडबडीत, अर्धवट बातमीवर, आठ गाड्या उभ्या करणं म्हणजे काय, हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळेल. त्या माणसांचं कौतुक मी कुठं वाचलं नाही, म्हणून इथं करतो. राहिली ती ही एक. तिला अंबलंगोड्याला धरायचं म्हणून फोन लावला. फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही, कारण स्टेशनचा सगळा स्टाफ प्लॅटफॉर्मवर त्याच गाडीपाशी होता.

मी इथं थोडा थांबतो. सुट्टीची गर्दीची गाडी लागली की लहान स्टेशनवर असंच असतं. पार्सल आहे, झेंडी आहे, चढता न येणारे म्हातारे आहेत. फोन आत टेबलावर. मास्तर आत येऊन 'हां बोला' म्हणेस्तोवर गाडीचा शेवटचा डबा स्टार्टर सिग्नलच्या पलीकडं गेलेला. ड्रायव्हरशी थेट बोलायची सोय नव्हती. पुढच्या स्टेशनांना फोन केले, तिथं उचलायला माणसं राहिली नव्हती. काही पळाली होती, काही लाटेत गेली होती. यात दोष कोणाचा काढायचा? मी आयुष्यभर पंक्च्युअ‍ॅलिटीसाठी स्टेशन मास्तरांवर ओरडलो. ती गाडी त्या दिवशी फोन उचलायच्या आत अंबलंगोड्याहून सुटली.

साडेनऊच्या सुमारास पेरलियाला पहिलं पाणी आलं आणि गाडी थांबली. पाणी डब्यांत शिरलं. गावातल्या लोकांना वाटलं, एवढं लोखंड, हे कुठं जातंय. शेकडो माणसं टपावर चढली, बाकीची गाडीच्या आडोशाला, समुद्राच्या उलट्या बाजूला उभी राहिली. आयांनी पोरं खिडक्यांतून आत दिली. दहाएक मिनिटांनी दुसरी लाट आली, गाडीपेक्षा उंच. तिनं डबे उचलून माडांवर आणि घरांवर आपटले. आडोशाला उभे होते ते डब्यांखाली गेले. आत इतकी दाटी की दारं उघडेनात. इंजिन शंभर मीटरवर दलदलीत जाऊन पडलं. ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट जागेवरच गेले. गार्ड वाचला.

आणि मग दुपारी चारच्या सुमारापर्यंत ही गाडी कुठं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. लष्कराच्या हेलिकॉप्टरला ती वरून दिसली. जखमी माणसं दिवसभर तिथंच पडून गेली, कारण येणार कोण, दवाखाने आणि रस्ते सगळेच पाण्यात. मराडानाच्या ग्राफवर ती रेघ अंबलंगोड्याच्या पुढं सरकलीच नसणार.

मेलेल्यांचा आकडा १,७०० च्या वर सांगतात. जगातला सगळ्यात मोठा रेल्वे अपघात. गाडीतले वाचले ते दीडशेच्या आसपास. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, नेमका आकडा का नाही सांगत? अहो, चार्ट असेल तर सांगतील. तिकिटं दीड हजाराच्या घरात विकलेली, त्याशिवाय पासवाले, त्याशिवाय गावातून चढलेले. साध्या तिकिटावर नाव नसतं. आपली विदर्भ एक्स्प्रेस घ्या. एसीतला प्रत्येक माणूस नाव, वय, बर्थसकट कागदावर असतो आणि जनरलच्या डब्यात किती होते ते फक्त त्यांच्या घरच्यांना ठाऊक. प्रेतं सुमारे नऊशेच सापडली. त्यातली ज्यांना न्यायला कोणी आलं नाही ती तिथंच, लाईनीजवळ, भिक्खूंच्या पठणात सामुदायिक पुरली. रुळाशेजारच्या स्मारकावर कोरीव काम आहे: डबे, हात, माणसांवर माणसं. आमच्या ग्रुपमधल्या दोघी बायका त्यासमोर आपणहून त्रिशरण म्हणू लागल्या, मागून सगळे. त्याला काही वीस मिनिटं पुरत नाहीत.

इंजिनाचं सांगायचं राहिलं. कॅनडाहून आलेलं, नंबर ५९१, नाव 'मॅनिटोबा'. दलदलीतून काढून, दुरुस्त करून पुन्हा लाईनवर आणलं, आणि दरवर्षी २६ डिसेंबरला ते पेरलियाला येतं, तिथं कार्यक्रम होतो. आपल्याकडं रंग मारून मोतीबागच्या म्युझियममध्ये उभं केलं असतं. तुटलेली लाईनही त्यांनी दोन महिन्यांच्या आत चालू केली. रेल्वेवाल्यांना रेल्वेवाल्याचा सलाम.

म्युझियम जवळच, तेलवत्तेच्या हद्दीत, एका साध्या घरात. तिकीट नाही, दानपेटी आहे. भिंतीभर फोटो, लॅमिनेशनचे कोपरे दमट हवेनं सुटलेले. काही फोटो बघवत नाहीत, लहान मुलं सोबत असतील तर आधी स्वतः आत जाऊन या. हातानं काढलेला एक तक्ता आहे: समुद्र आधी मागं कसा गेला, उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडताना बघायला लोक आणि पोरं कशी पुढं गेली, आणि मग काय झालं. आमच्या मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्या पोरांनी काढलेल्या चित्रांपुढून हलेनात. एका चित्रात लाट निळ्या नव्हे, काळ्या खडूनं घोटलेली, इतकी दाबून की कागद फाटलाय. वर माडाच्या शेंड्यावर एक माणूस, त्याला हातच काढलेले, पाय नाहीत. 'पहिली-दुसरीतलं असेल,' त्या म्हणाल्या, 'वळण तेच आहे.' मग मला विचारलं, 'अहो, मोठ्यांपेक्षा ही जास्त गेली असतील ना?' हो. त्या लाटेत सगळीकडंच बायका आणि मुलं जास्त गेली. कडेवर पोर, अंगावर साडी, पोहायला कोणी शिकवलेलं नाही.

अख्ख्या श्रीलंकेत ३५,००० हून जास्त माणसं गेली, पाच लाखांवर बेघर झाली. देश तेव्हा दोन कोटींच्या आतला. आम्ही बघितला तो दक्षिण किनारा; सगळ्यात जास्त माणसं पूर्वेला अंपारा जिल्ह्यात गेली, दहा हजारांवर. आपल्या टूरवाल्यांच्या नकाशात ती बाजूच नाही. अंकलनी हेही सांगितलं की त्या दिवसांत भारतीय नौदलाची जहाजं सगळ्यांत आधी पोचली, गॉलला आणि त्रिंकोमालीला. नंतर सरकारनं दक्षिणेला किनाऱ्यापासून १०० मीटरच्या आत घर बांधायला बंदी घातली, तेव्हा कोळी म्हणाले, होडी इथं आणि आम्ही तिथं? पुढं ती बंदी ढिली झाली. आमचं बेंटोट्याचं हॉटेल कुठं होतं विचारता? पायऱ्या उतरलं की वाळू.

आता कंपनीसाठी खास. त्या हॉटेलात उतरल्यावर आम्हाला वायफायचा पासवर्ड दिला, ब्रेकफास्टची वेळ सांगितली, टॉवेल बाहेर नेऊ नका म्हणून बजावलं. जिन्यापाशी पळायच्या रस्त्याचा बाण असलेली त्सुनामीची पाटी होती, ती कोणी दाखवली नाही. आम्ही नागपूरच्या झिरो माइलची, समुद्रापासून लांबची माणसं. समुद्र आमच्यासाठी फोटोत असतो. रात्री जेवण झाल्यावर अर्धा ग्रुप अंधारात लाटांत उभा होता. जमीन हलल्यासारखी वाटली किंवा पाणी एकदम मागं गेलं तर बघत थांबायचं नाही, सामान घ्यायचं नाही, उंचावर पळायचं. हे सांगायला मॅनेजरला दोन मिनिटं लागतात. आता भोंग्याचे मनोरे आहेत, आपलं हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून हिंदी महासागरावर नजर ठेवून आहे, सगळं खरं. पण भोंगा वाजला तर कुठं जायचं, हे पाहुण्याला माहीत हवं की नको? हे ऐकून एकानं मला सांगितलं, लोक घाबरतात साहेब, टूर कॅन्सल करतात. विमानात रोज पट्टा कसा बांधायचा दाखवतात, त्यानं कोणी उतरून गेलेलं पाहिलंय का?

आणखी एक. बसभर लोक त्या म्युझियमच्या घरात नेले, दानपेटीत कंपनीकडून दमडी पडली नाही. आम्ही आपापसांत गोळा करून टाकले. जेम शॉपकडून घेता, इथं द्यायला काय हरकत आहे?

गॉलचा किल्ला छान. डचांच्या भिंतीनं आतलं गाव वाचवलं, बाहेरचा बसस्टँड आणि क्रिकेटचं स्टेडियम बुडालं. स्टेडियमवर पुन्हा टेस्ट व्हायला २००७ चा डिसेंबर उजाडला. तटावरून मैदान फुकटात दिसतं, नागपूरच्या जामठा स्टेडियमला अशी सोय नाही. तिथं आम्हाला घाई झाली, पण पेरलियाला दिलेल्या वेळेबद्दल ग्रुपमध्ये कोणी कुरकुरलं नाही.

पैशाचं म्हणाल तर आम्हाला माणशी ८० हजारांच्या आतबाहेर पडले, टिप वेगळी. त्या मानानं हॉटेलं ठीक. ज्येष्ठांनी जावं, चढण फार नाही. सिगिरियाचा उंच खडक यांच्या टूरमध्ये नाहीच. बुकिंग करताना मात्र कागदावर लिहून घ्या: पेरलिया आणि म्युझियम मिळून दीड तास, 'वेळ मिळाल्यास' हे शब्द खोडून. जेम शॉप ऐच्छिक, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी बसचं दार उघडं. हे दोन बदल केले तर चौथा तारा मी स्वतः येऊन लावीन.

पाचवा हवा असेल तर कोलंबो ते गॉल एकदा बसऐवजी रेल्वेनं न्या. सामान बसनं पुढं जाऊ द्या. कोलंबो फोर्टहून बसताना उजव्या हाताच्या खिडक्या धरायच्या, समुद्र त्या बाजूला. अंबलंगोडा सोडलं की खिडकीवरून नजर हलवू नका, म्हणजे पेरलियाचं स्मारक चुकणार नाही.